ओळखीच्या शेतातली भाजी आणि त्या आईचा प्रश्न

वाचकाचं पत्र

ताई, सप्रेम नमस्कार.

मी गेली नऊ वर्षं पाळणाघर चालवते. दहा महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंतची ३४ मुलं आहेत, दुपारचं जेवण आणि दोन वेळचा खाऊ आम्हीच करतो. दीड वर्षापूर्वी जवळच्या एका शेतकरी दांपत्याकडून भाजी, फळं, अंडी घ्यायला लागले. माल ताजा असतो, आणि काकांनी हातात दिलेलं गाजर मुलं कुरकुर न करता खातात. मागच्या आठवड्यात नव्यानं आलेल्या एका मुलीच्या आईनं विचारलं, "ही भाजी कुणी तपासलेली असते का?" मी म्हणाले, "आमच्या ओळखीच्यांच्या शेतातली आहे, ते औषधं मारत नाहीत." ती काही बोलली नाही, पण तिचं समाधान झालं नव्हतं. त्या रात्री मला झोप लागली नाही. खरंच, मी काय तपासते? काकांना असलं काही विचारलं तर त्यांना वाटेल, हिचा आपल्यावर विश्वास उरला नाही. आता ते मध आणि ताजं दूधही देऊ म्हणतात. मुलांना शेत बघायला बोलावलंय. सगळं थांबवून पुन्हा बंद पाकिटातल्या धुतलेल्या भाजीकडे वळू का?

एक पाळणाघरवाली


प्रिय ताई,

थांबवू नका. हे आधीच सांगते, कारण तुमच्या पत्राची शेवटची ओळ वाचून मला वाईट वाटलं. ज्या वयात मूल भाजीला तोंड वाकडं करतं, त्याच वयात तुमच्याकडची मुलं गाजर मागून खातात. हे सहजासहजी जमत नाही.

पण त्या आईचा प्रश्न रास्त होता, आणि तुमचं उत्तर अपुरं पडलं. तिनं विचारलं भाजीबद्दल, तुम्ही सांगितलं माणसाबद्दल. "औषधं मारत नाहीत" हे चांगलंच आहे, पण लहान मुलाला दोन दिवसांत दवाखान्यात पोचवतात ते बहुतेक वेळा जंतू. ते शेणातून, पाण्यातून, हातांतून आणि प्राण्यांमार्फत भाजीवर येतात. बिनऔषधाच्या शेतात शेणखताचा वापर बहुधा जास्तच असतो, म्हणजे तिथे खताबद्दल विचारायलाच हवं.

बंद पाकिटात गेलात म्हणून सुटका होते असंही नाही. २००६ साली अमेरिकेत धुऊन पिशवीबंद केलेल्या पालकामुळे २६ राज्यांत मिळून सुमारे २०० माणसं आजारी पडली. तिघं दगावली, त्यात एक दोन वर्षांचं मूल होतं. शोध घेतला तेव्हा तोच जंतू शेताच्या आसपास गुरांच्या शेणात, रानडुकरांत आणि ओढ्याच्या पाण्यात सापडला. पुढे २०११ साली ओरेगन राज्यात एका छोट्या शेतातली, रस्त्याकडेच्या ठेल्यांवर आणि शेतकरी बाजारात विकली गेलेली स्ट्रॉबेरी खाऊन लोक आजारी पडले, काही दगावलेही. तिथे जंतू शेतात येणाऱ्या हरणांच्या लेंड्यांतून आला होता. शेत मोठं असो की छोटं, जवळचं असो की लांबचं, जंतूला त्याचं काही नाही. जवळच्या शेताचा फायदा एवढाच, की तुम्ही चप्पल घालून तिथे जाऊन बघू शकता. पाकिटातल्या पालकाचं शेत तुम्हाला कधीच दिसणार नाही. हा फायदा तुम्ही दीड वर्षात वापरलेला नाही, एवढंच माझं म्हणणं आहे.

मुलांच्या बाबतीत एवढं काटेकोर का व्हायचं, तेही सांगते. या दोन्ही घटनांतला जंतू एकच, ई. कोलायचा ओ१५७ हा प्रकार. तो गुरांच्या आतड्यात राहतो आणि गाय मात्र अगदी धडधाकट दिसते. आजारी पाडायला शंभराहून कमी जंतूही पुरतात. भाजीचा वास, रंग, चव यांत काहीही फरक पडत नाही. मोठं माणूस बहुधा आठवड्याभरात उठून बसतं. पाच वर्षांखालच्या काही मुलांत मात्र जुलाबांनंतर रक्तपेशी फुटायला लागतात आणि किडनी काम सोडते. शिवाय एका मुलाकडून दुसऱ्याकडे जायला याला भाजीचीही गरज नसते. लंगोट बदलणारे हात पुरतात.

म्हणून आता शेतावर जा. आधी कळवून जा, काकांना वेळ असेल तेव्हा, आणि शक्य तर भाजीची काढणी चालू असताना. चार गोष्टी बघायच्या: पाणी, खत, जनावरं आणि हात.

पाण्यावर सगळ्यात जास्त वेळ घालवा. पिकाला पाणी कुठून येतं, विहिरीतून, तळ्यातून की कालव्यातून? आणि ते कसं दिलं जातं? ठिबकनं दिलेलं पाणी मुळाशी जातं. तुषार सिंचनानं दिलेलं पाणी थेट पानावर पडतं, आणि ते उघड्या तळ्यातलं असेल तर तळ्यात जे जे मिसळलंय ते सगळं कच्च्या खायच्या पानावर बसतं. पण ज्याकडे बहुतेकांचं लक्षच जात नाही ते म्हणजे काढणीनंतर माल धुण्याचं पाणी.

मी एकदा एका शेतावर गेले होते, माणूस अतिशय कष्टाळू आणि नीटनेटका. शेडच्या कोपऱ्यात निळं प्लॅस्टिकचं पिंप होतं, पहाटे भरलेलं. लेट्यूसचा गड्डा घ्यायचा, पिंपात बुडवायचा, झटकायचा, क्रेटमध्ये ठेवायचा. मी पोचले तेव्हा अकरा वाजून गेले होते. पाणी मातकट झालं होतं, वर पानांचे तुकडे तरंगत होते आणि त्यांच्यात कोंबडीचं एक पीस. ते मोठ्या अभिमानानं म्हणाले, "बघा, आम्ही धुऊनच देतो." पहाटेपासूनचे दीडेकशे गड्डे त्याच पाण्यातून गेले होते. एखाद्या गड्ड्याला विष्ठा लागलेली असेल, तर त्या पिंपानं ती सगळ्यांना वाटली होती. न धुतलेली भाजी त्यापेक्षा बरी होती!

त्यांच्याशी आमचं ठरलं ते असं: माती झटकून, बाहेरची खराब पानं काढून माल न धुताच द्या, धुण्याचं काम आमच्या स्वयंपाकघरात वाहत्या नळाखाली होईल. त्यांचंही एक काम वाचलं. तुमच्या काकांशीही हेच ठरवून टाका. त्यांना धुऊनच द्यायचं असेल, तर ते पाणी पिण्यायोग्य हवं. म्हणजे प्रयोगशाळेच्या अहवालात १०० मिलिलिटर पाण्यात ई. कोलाय एकही नको. अहवाल वर्षाच्या आतला हवा, आणि पूर येऊन गेला असेल तर नव्यानं काढलेला. ज्या भाजीला पुराचं पाणी लागलंय ती घेऊच नका, कितीही टवटवीत दिसो. टोमॅटोबद्दल थोडं वेगळं सांगायचंय. उन्हातून आणलेला गरम टोमॅटो थंड पाण्यात बुडवला की आतली हवा आकसते आणि देठाच्या खुणेतून बाहेरचं पाणी आत ओढलं जातं. पाणी घाण असेल तर जंतू आत जाऊन बसतात. मग वरून कितीही चोळा, ते निघत नाहीत.

खताबद्दल "शेणखत घालता का?" असं विचारून भागणार नाही. कच्चं की कुजलेलं, आणि कधी घातलं, हे विचारा. नीट कुजवलेला ढीग आतून तापतो. ढीग रचून उलटत राहण्याच्या पद्धतीत तो निदान ५५ अंश सेल्सिअसवर १५ दिवस राहायला हवा आणि त्या काळात पाच वेळा उलटायला हवा, म्हणजे बाहेरचा थरही आतली धग खातो. नुसतं कोपऱ्यात वर्षभर पडून काळं झालेलं शेण म्हणजे कंपोस्ट नव्हे. कच्चं शेणखत घातलं असेल तर अमेरिकेतल्या सेंद्रिय शेतीच्या नियमाचा आकडा हाताशी ठेवण्यासारखा आहे: खाण्याचा भाग मातीला टेकत असेल, जसं गाजर, पालक, लेट्यूस, स्ट्रॉबेरी, तर खत घातल्यापासून काढणीपर्यंत १२० दिवस, आणि टेकत नसेल तर ९० दिवस. काकांनी महिन्यापूर्वी वाफ्यात कच्चं खत टाकलं असेल तर त्या वाफ्यातलं गाजर कच्चं खायला देऊ नका.

जनावरांचं आणि हातांचं डोळ्यांनीच कळतं. कोंबड्या वाफ्यांत मोकळ्या फिरतात का, गोठ्याचं पाणी उताराला कुठे जातं, झाडाखाली पडलेली फळं उचलून क्रेटमध्ये टाकतात का? पडलेलं फळ कच्चं खाण्यासाठी घ्यायचं नाही, याला अपवाद नको. भाजी तोडणाऱ्यांना संडास कुठे आहे, आणि त्याच्याजवळ पाणी आणि साबण आहे का? हा प्रश्न विचारायला जीभ अडखळते, मला ठाऊक आहे. तरी विचारा. संडासाला जायला वीस मिनिटं चालावं लागत असेल तर तोडणारे शेताच्या बांधामागेच जाणार, आणि त्याच हातांनी स्ट्रॉबेरी तोडणार. दोष त्यांचा नसतो.

फवारणी होत नाही असं काका म्हणतात, तरी शेवटची फवारणी कधी आणि कशाची झाली हे विचारून ठेवा. सेंद्रिय शेतातही फवारे असतात, आणि लेबलवर काढणीआधी किती दिवस थांबायचं ते छापलेलं असतं. ते दिवस पाळले गेले की झालं.

आता तुमची खरी अडचण, काकांना वाईट वाटण्याची. मी इतक्या शेतकऱ्यांशी हे बोलले आहे की एक गोष्ट खात्रीनं सांगू शकते: प्रश्न विचारल्याचा राग येत नाही, संशय घेतल्याचा येतो. म्हणून अमुक नसेल तर माल बंद, अशी सुरुवात करू नका. सरळ म्हणा, "काका, एका आईनं मला विचारलं आणि मला उत्तर देता आलं नाही. तुम्ही कसं करता ते मला दाखवा, म्हणजे मी तिला नीट सांगू शकेन." बहुतेकांना आपलं शेत दाखवायला आवडतं. दोन तास जातील, हातात चार गड्डे जास्तच पडतील. आणि एखादी गोष्ट खटकली तर तिथल्या तिथे त्यावर तोड काढा, जशी आमची पिंपावर निघाली. मात्र साबणाची सोय करायला किंवा पाण्याची तपासणी करायला कुणी ठाम नकार दिला, तर तिथून कच्चं खायचं काहीही घेऊ नका. तिथे भीडभाड कामाची नाही.

मध आणि दुधाचं उत्तर छोटं आहे. मध एक वर्षाखालच्या बाळाला अजिबात नाही, चाटणही नाही, शिजवलेल्या पदार्थात घालूनही नाही. त्यात बोटुलिझम या गंभीर आजाराच्या जिवाणूंचे बीजाणू असू शकतात, घरगुती उष्णतेनं ते मरत नाहीत, आणि बाळाच्या आतड्यात रुजून विष तयार करतात. तुमच्याकडे दहा महिन्यांची मुलं आहेत, आणि स्वयंपाकघरात मधाची बाटली असली की कधीतरी चुकीच्या वाटीत एक थेंब पडणारच. मी तर पाळणाघरात मध ठेवतच नाही. दूध फक्त पाश्चराइझ केलेलं. काकांची गाय कितीही निरोगी असो, त्यानं फरक पडत नाही, वर सांगितलंच. ताज्या सफरचंदाचा शेतावर काढलेला रसही याच कारणानं नको. १९९६ साली अमेरिकेत असाच पाश्चराइझ न केलेला रस पिऊन १६ महिन्यांची एक मुलगी गेली. मोड आलेली कडधान्यं आणि अंकुर कच्चे कधीच नाहीत, पूर्ण शिजवून चालतील. बी रुजायला जी ऊब आणि ओल लागते तीच जंतूंनाही हवी असते.

अंडी जरूर घ्या. तडा गेलेली आणि विष्ठेनं माखलेली परत करा, आणि पिवळा बलक घट्ट होईपर्यंत शिजवा.

तुमच्या दारात माल येतो त्या पाच मिनिटांबद्दल तुम्ही पत्रात काहीच लिहिलेलं नाही, म्हणून विचारते: उतरवून घेतं कोण? बहुतेक ठिकाणी जो समोर असेल तो. तिथे एक ठरलेलं माणूस नेमा. गाडी बघायची: क्रेट कशाच्या शेजारी होते? ज्या गाडीत सकाळी कोंबड्या नेल्या तिच्यात झाडून-धुऊन घेतल्याशिवाय भाजी नको. क्रेट वाळलेले आणि घासलेले हवेत, अंडी भाजीच्या वरच्या क्रेटमध्ये नकोत. पालेभाजी सावलीत, झाकून, सकाळच्या गारव्यात यावी आणि आल्या आल्या फ्रीजमध्ये जावी. फ्रीज ५ अंश किंवा त्याखाली. दारावरच्या आकड्यावर जाऊ नका, आत एक साधा थर्मामीटर ठेवा.

आणि नोंदवही. हिच्याबद्दल मी जरा हट्टी आहे. का, ते सांगते.

मी ज्या पाळणाघराचं स्वयंपाकघर सांभाळत होते तिथे दोन शेतांतून पालक यायचा. आम्ही तो एकाच मोठ्या टोपात ओतून ठेवायचो, जागा वाचायची. एका बुधवारी सात मुलांना उलट्या-जुलाब सुरू झाले. चौकशीला आलेल्या आरोग्य अधिकारी बाईंनी पहिलाच प्रश्न विचारला, "सोमवारी वाढलेला पालक कुणाचा?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. दोन्ही शेतांचा माल थांबवावा लागला. आठ दिवसांनी कळलं, आमचीच एक मदतनीस रात्री उलट्या झालेल्या असताना सकाळी कामावर आली होती, आणि नोरोव्हायरस तिच्याकडून पसरला होता. पालकाचा काही संबंध नव्हता. तोवर त्या दोघांपैकी एका शेतकऱ्यानं तयार झालेली पालेभाजी नांगरून टाकली होती, कारण बातमी पसरल्यावर त्याच्याकडून कुणी घेईना. मी भेटायला गेले तेव्हा तो रिकामे वाफे दाखवून म्हणाला, "ताई, तुम्ही लिहून ठेवलं असतं तर माझं तरी वाचलं असतं." त्यानं पुन्हा कधी आम्हाला माल दिला नाही, आणि तो चुकला असं मी म्हणू शकत नाही.

हेच मोठ्या प्रमाणावर जर्मनीत २०११ साली झालं. ई. कोलायच्या साथीत जवळजवळ ४,००० लोक आजारी पडले, ५० हून जास्त मेले. सुरुवातीला आळ आला स्पेनच्या काकड्यांवर. काकडीवाल्यांचा माल सडला, टोमॅटोवाल्यांचाही, आणि शेवटी कारण निघालं मेथीच्या बियांपासून केलेले कच्चे अंकुर. ते सापडले ते कुठला माल कुठून कुठे गेला याचे कागद जुळवूनच.

तेव्हा साधी रेघांची वही घ्या. तारीख, शेत, शेतातला कुठला वाफा, काय आलं, किती किलो, कुणी उतरवलं, आणि कुठल्या दिवशी कुठल्या गटाला वाढलं. एका क्रेटमध्ये दोन शेतांचा माल कधी मिसळायचा नाही, आणि क्रेट संपेपर्यंत त्यावरची चिठ्ठी काढायची नाही. पानं निदान तीन महिने तरी जपा. ई. कोलायची लक्षणं सहसा तीन-चार दिवसांनी दिसतात, पण लिस्टेरिया या दुसऱ्या जंतूची कधीकधी ७० दिवसांनी. जपानमध्ये शाळांची जेवणं करणारी मोठी स्वयंपाकघरं रोजच्या प्रत्येक पदार्थाचा नमुना उणे २० अंशांखाली दोन आठवडे ठेवतात. १९९६ मध्ये तिथल्या साकाई शहरात शाळेच्या जेवणातून हजारो मुलं आजारी पडली होती, संशय होता मुळ्याच्या अंकुरांवर. तुमच्याकडे डीप फ्रीजर असेल तर एकेक लहान डबी ठेवायला काहीच हरकत नाही.

स्वयंपाकघरातलं तुम्हाला बरंच ठाऊक असणार, म्हणून चुकतं तेवढंच लिहिते. फ्रीजमध्ये ठेवण्याआधी पालेभाजी आणि स्ट्रॉबेरी धुऊ नका, ओल राहिली की कुजतात. वापरायच्या वेळी धुवा. साबण, ब्लीच काही नको, वाहतं पाणी आणि हातानं चोळणं पुरतं. माती फार असेल तर पानं सुटी करून टोपात भिजवा आणि पानं वर उचलून घ्या. टोप ओतलात तर तळाची माती पुन्हा पानांवर बसते. गाजर, बटाटा, काकडी ब्रशनं घासा. खरबुजाची साल काढून टाकायचीच म्हणून ते न धुता कापतात, ही माझ्या पाहण्यातली सगळ्यात सर्रास चूक. त्या जाळीदार सालीत जंतू छान बसतात, आणि सुरी त्यांना सालीतून थेट गरात नेते. कोलोराडोतल्या एका शेताच्या खरबुजांमुळे २०११ साली ३३ माणसं लिस्टेरियानं गेली. म्हणून आधी घासा, पुसा, मग कापा, आणि कापलेलं खरबूज, टोमॅटो, पालेभाजी लगेच फ्रीजमध्ये. बाहेर दोन तासांपेक्षा जास्त राहिलं तर टाकून द्या, आणि कडक उन्हाळ्यात एकाच तासानं. लिस्टेरिया फ्रीजमध्येही वाढतो, तेव्हा कापलेलं त्याच दिवशी संपवलेलं बरं.

धुतल्यानं जंतू कमी होतात, संपत नाहीत. म्हणून दोन वर्षांखालच्या गटाला मी पालेभाजी शिजवूनच देते. कुठे असा नियम नाही, माझ्या अनुभवातून आलेलं मत आहे, पटलं तर घ्या. काकडीची एक चकती वाढण्याआधी स्वतः चाखा. घरचं बी धरून लावलेल्या काकडी-भोपळ्याच्या वेलाला कधीकधी विषारी कडूपणा येतो, तो शिजवूनही जात नाही. कडू लागली की अख्खी टाका. आणि द्राक्षं, छोटे टोमॅटो उभे चार तुकडे करून, कच्चं गाजर चार वर्षांखाली किसून किंवा मऊ शिजवून. घशात अडकायला अत्यंत स्वच्छ गाजरही पुरतं.

सगळ्यात शेवटी तुमची माणसं. उलट्या किंवा जुलाब झालेल्या कुणालाही, त्रास थांबल्यावरही ४८ तास स्वयंपाकघरात येऊ देऊ नका. त्या दोन दिवसांची पगारी रजा द्या, नाहीतर कुणी सांगणारच नाही. आमच्या त्या मदतनिसानं सांगितलं नाही ते रोज बुडेल म्हणून. हँड सॅनिटायझर नोरोव्हायरसवर फारसा चालत नाही, साबणानं वीस सेकंद हात धुवायलाच हवेत. मुलाच्या जुलाबात रक्त दिसलं तर ताबडतोब डॉक्टर, आणि जुलाब बांधणारं औषध आपल्या मनानं मुळीच नाही.

शेताच्या सहलीला जरूर न्या, पण तुम्ही एकट्या जाऊन आल्यानंतर. बरोबर पाण्याचे कॅन आणि साबण घ्या, वासराला हात लावल्यावर लगेच धुवायला लावा, आणि डबे गोठ्यापासून लांब, हात धुतल्यावरच उघडा. ज्या मुलांची बोटं अजून तोंडात जातात त्यांना वासराजवळ नेऊ नका, कडेवर घेऊन लांबूनच दाखवा.

आणि तुम्ही पहिल्यांदा काकांच्या शेतावर जाल ना, तेव्हा त्या आईला विचारा, येतेस का बरोबर. नाही आली तरी परत आल्यावर तिला वही दाखवा: या तारखेचा पाण्याचा अहवाल, या वाफ्यात खत कधी घातलं, सोमवारचा पालक कुठला. तपासली का, असं तिनं पुन्हा विचारलं तर "हो, आणि काय काय बघितलं ते हे" असं म्हणता येईल. एखाद्या रकान्यात अजून काही लिहिलेलं नसेल तर तेही तिला दाखवा, आणि कधीपर्यंत भरणार ते सांगा.

तुमची,
ताई